पर्मनंटचे पेढे

बँकेतल्या माणसाची नातेवाइकांना दोनदा आठवण येते. एकदा सुट्टे पैसे हवे असले की, आणि एकदा पोरांच्या नोकरीचा प्रश्न आला की. सुट्ट्या पैशांचं काम यूपीआयनं संपवलं. राहता राहिला सल्ला. त्यामुळे दिवाळीत माझा भाचा लॅपटॉप घेऊन आमच्याकडे आला, तेव्हा मी चष्मा पुसून तयारच होतो.

"मामा, दोन ऑफर आहेत. एक पर्मनंट, दुसरी अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. कॉन्ट्रॅक्टला पैसे रोजाच्या हिशेबानं, पण दर चाळीस टक्के जास्त. काय करू?"

मी बी.कॉम. कॉम्प्युटरमधलं मला 'सर्व्हर डाऊन आहे' एवढंच येतं, आणि ते मी २०१२ पासून ग्राहकांना नेमानं सांगत आलोय. पण पर्मनंट या विषयात मी क्लार्क असूनही ऑफिसर आहे. म्हणजे क्लार्क होतो. २०२४ च्या करारात आमच्या पदाचं नाव 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' झालं. माणूस कायम, खुर्ची कायम, स्टेपलर बिघडलेला तोही कायम. नाव तेवढं टेंपररी निघालं.

"घाई नको," मी म्हटलं. "कॉमर्सवाला आधी मागच्या वर्षांचे ताळेबंद बघतो. तुमच्या धंद्याचा इतिहास काय म्हणतो ते बघू."

आणि खरंच बघितला. आठ दिवस. बँकेत एवढं लक्ष घातलं असतं तर प्रमोशन झालं असतं.

तर हा कंत्राटी प्रकार काही आजचा नाही. १९६२ साली इंग्लंडमध्ये स्टेफनी शर्ली नावाच्या बाईंनी सहा पौंड भांडवलावर 'फ्रीलान्स प्रोग्रामर्स' नावाची कंपनी काढली. लग्न झालं, मूल झालं, म्हणून नोकरी सुटलेल्या हुशार बायकांना त्यांनी घरबसल्या प्रोग्राम लिहायला दिले. घरी कॉम्प्युटर नव्हता, कागद-पेन्सिल होती. बाईंच्या नावानं गेलेल्या पत्रांना उत्तरं येईनात, तेव्हा यजमानांच्या सल्ल्यानं त्या 'स्टीव्ह' अशी सही करू लागल्या. गिऱ्हाइकाचा फोन आला की मागं पोर रडायचं. ते ऐकू जाऊ नये म्हणून टाइपरायटरच्या खडखडाटाची टेप लावायच्या. त्याच घरबसल्या बायकांनी काँकॉर्ड विमानाच्या ब्लॅक बॉक्सचा प्रोग्राम लिहिला. पर्मनंट नोकरीनं ज्यांना दार लावलं, त्यांना कंत्राटानं खिडकी उघडून दिली.

"म्हणजे कॉन्ट्रॅक्ट घ्यावं?" भाचा.

"थांब. अजून आयबीएम यायचीय."

आयबीएम म्हणजे पर्मनंटपणाची पंढरी. मंदी येवो, महायुद्ध येवो, माणसं काढायची नाहीत हा कंपनीचा अनेक दशकांचा बाणा. तिथं लागलेला माणूस म्हातारा होऊनच बाहेर पडायचा. १९९२ साली कंपनीला जवळजवळ पाच अब्ज डॉलरचा तोटा झाला. अमेरिकेतल्या कुठल्याही कंपनीला तोपर्यंत तेवढा झाला नव्हता. १९९३ साली सुमारे ६०,००० माणसं कमी करायचं जाहीर झालं. पंढरीतूनच वारकऱ्यांना परतीचं तिकीट.

तिसरी गोष्ट मायक्रोसॉफ्टची. तिथं पर्मनंटांच्या गळ्यात निळं ओळखपत्र आणि इतरांच्या गळ्यात नारिंगी. काम तेच, साहेब तोच. पण कंपनीचे शेअर सवलतीत घ्यायची सोय फक्त निळ्यांना. १९८९-९० च्या सुमाराला अमेरिकेचं कर खातं तपासणीला आलं आणि म्हणालं, यातली बरीच माणसं तुमचे नोकरच दिसतात. मग १९९२ मध्ये नारिंगीवाले कोर्टात गेले. आठ वर्षांनी, २००० साली, ९ कोटी ७० लाख डॉलरवर तडजोड झाली. त्याच वर्षी कंपनीनं नियम केला, एजन्सीकडून आलेल्या माणसानं वर्षभर काम केलं की शंभर दिवस घरी बसायचं. हे वाचून मला अगदी घरच्यासारखं वाटलं. आपल्याकडे २४० दिवस भरायच्या आत 'ब्रेक' देतात, तोच हा सातासमुद्रापलीकडचा मावसभाऊ!

इंग्लंडात आणखी मजा. शुक्रवारी संध्याकाळी माणूस राजीनामा देऊन जायचा आणि सोमवारी स्वतःच्या कंपनीचा डायरेक्टर होऊन त्याच टेबलाशी येऊन बसायचा. कर कमी पडायचा ना! सरकारनं २००० साली त्यावर कायदा आणला. त्याला 'आयआर ३५' म्हणतात, कारण ज्या पत्रकातून तो जाहीर झाला त्याचा नंबर तो. कायद्याला परिपत्रकाच्या नंबरनं हाक मारणारी माणसं फक्त बँकेतच असतात असा माझा समज होता.

आणि अगदी अलीकडचं गूगल. २०१९ मध्ये तिथं कंत्राटी आणि हंगामी माणसं सुमारे १,२१,००० होती आणि पर्मनंट १,०२,०००. लाल ओळखपत्रं पांढऱ्यांपेक्षा जास्त! मग जानेवारी २०२३ मध्ये सुमारे १२,००० जणांना कमी करायचं जाहीर झालं. ते पांढरेवाले होते. ईमेलनं कळवलं.

"म्हणजे दोन्हींत काही खरं नाही," भाचा म्हणाला.

इतका वेळ पलंगावर पेपर वाचत असलेल्या बाबांनी पेपर खाली केला.

"रोजाच्या हिशेबानं म्हणालास ना? मग रिकाम्या दिवसांचे पैसे कोण देणार?"

बाबा गिरणीत आठ वर्षं 'बदली' होते. बदली म्हणजे सकाळी पाळीच्या वेळी कार्ड घेऊन गेटवर उभं राहायचं. कुणी कायम कामगार आला नाही तर आत; सगळे आले तर डबा तसाच घरी. १९८१ च्या नोव्हेंबरात बाबा कायम झाले. चाळीत दोन किलो पेढे वाटले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यांची गिरणी त्यांच्यासाठी पुन्हा उघडली नाही. माझा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे पेढे माझ्या वाट्याला आले नाहीत. तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही म्हणतात. त्या हिशेबानं बाबा अजून पर्मनंट आहेत.

इतिहासाची आठ दिवसांची माझी मेहनत बाबांनी एका वाक्यात बसवली होती. मी कॅल्क्युलेटर काढला. वर्षाचे ३६५ दिवस. शनिवार-रविवार वजा: उरले २६१. सणवार १०, ताप-खोकला-लग्नं १८, आणि दोन कंत्राटांमधल्या दीड महिन्याचे ३३. उरले २००. पर्मनंटला २६१ चा पगार, तुला २०० चा रोज. नुसत्या बरोबरीला यायलाच तीस टक्के जास्त लागतात. वर कंपनीच्या वाट्याचा प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, मेडिक्लेम. चाळीस टक्के त्यातच गेले. शिवाय घराचं कर्ज मागायला आलास तर आमचा साहेब आधी दोन वर्षांची रिटर्न्स मागेल.

"मग पर्मनंटच घेतो."

"त्याचंही पत्र वाच. तीन महिन्यांची नोटीस दोन्ही बाजूंनी. म्हणजे तेही तीन महिन्यांचंच कॉन्ट्रॅक्ट, रोज सकाळी आपोआप रिन्यू होणारं. रिकामे दिवस कुणाच्या खिशातून जाणार, तेवढाच फरक."

भाचा गेला. त्यानं साठ टक्के मागितले, पंचावन्न मिळाले. कॉन्ट्रॅक्ट घेतलं, आणि वरचे सगळे पैसे माझ्याच ब्रँचमध्ये आरडीला लावले. सहा महिन्यांच्या घरखर्चाएवढे होईपर्यंत मोडायची नाही, या अटीवर. माझं टार्गेटही जरा हललं.

रविवारी ताई पेढे घेऊन आली. बाबांनी पुडा बघितला आणि भाच्याला विचारलं, "रिकाम्या दिवसांचं?"

त्यानं मोबाइलवर आरडीचा आकडा दाखवला. बाबांनी तो चष्मा वर करून दोनदा वाचला, आणि शुगर असताना दोन पेढे खाल्ले. ताई काही बोलली नाही.