जुन्या जीपचे काटे चुकतात? आधी अर्थिंग बघा

तेरखेडा : डिझेलचा आणि तापमानाचा, दोन्ही काटे एकदमच चुकायला लागले तर मीटर बदलायची घाई नको. दोन्ही मीटर सहसा एकाच वेळी जात नाहीत. बहुतेकदा डॅशबोर्डमागची अर्थची वायर सैल किंवा गंजलेली असते. हेडलाइट लावताच काटा हलला, तर संशय पक्का. बॅटरीची निगेटिव्ह सोडा, अर्थचा स्क्रू काढा, पत्रा पॉलिश पेपरने घासा, वायर पुन्हा आवळा. खर्च जवळपास शून्य.

एकटा तापमानाचा काटा बंद असेल, तर स्विच चालू करून सेन्सरची वायर क्षणभर इंजिनला टेकवा. काटा हलला म्हणजे मीटर ठीक, सेन्सर गेला. डिझेल टाकीपाशी मात्र हा प्रयोग नकोच, ठिणगी उडते.

तेरखेड्यात फटाक्यांचे कारखाने आहेत, त्यामुळे ठिणगीची गोष्ट इथं जास्तच महत्त्वाची. फ्यूज सारखा उडतो म्हणजे कुठेतरी सोललेली वायर पत्र्याला लागतेय. अनेकजण त्याजागी तार गुंडाळून मोकळे होतात. मग फ्यूज उडायचं थांबतं, पण आतली वायरच तापून पेटू शकते. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत फटाक्यांच्या मालाला लावू नका, कारखान्याजवळ उभीही करू नका.