बाटली नंबर ५३-एन

मुखेड-नांदेडकडे 'हाफकिन' हे नाव दोन कारणांनी कानावर येतं. एक म्हणजे साप चावल्यावर द्यायचं इंजेक्शन. दुसरं म्हणजे काही वर्षं सरकारी दवाखान्यांची औषधखरेदी ज्यांच्याकडे होती ते महामंडळ. ते नाव ज्या माणसाचं, त्याला स्वतःच उभ्या केलेल्या प्रयोगशाळेतून जावं लागलं होतं, हे मला नोकरीला लागल्यावर वाचनात कळलं. मी आरोग्यक्षेत्रातल्या एका मोठ्या कंपनीसाठी सॉफ्टवेअर लिहितो. काही बिघडलं की आमच्याकडे 'आरसीए' होते, म्हणजे मूळ कारणाचा शोध. पण मीटिंगमधला पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'हे कोणी केलं?' असाच असतो.

वाल्डेमार हाफकिन ओडेसाचे ज्यू, शिक्षणाने प्राणिशास्त्रज्ञ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई मिळाले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी स्वतःची लस आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली आणि हाफकिन तिचे प्रमुख होते.

आजच्या भाषेत ही लॅटरल एंट्री. इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये, म्हणजे आयएमएसमध्ये, लंडनला परीक्षा देऊन शिरायचं आणि लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, कर्नल असं पायरी-पायरीने चढायचं. देशातल्या सरकारी आरोग्यखात्याच्या मोठ्या खुर्च्या याच लोकांच्या. त्यात हा डॉक्टर नसलेला, सर्व्हिसबाहेरचा, परका माणूस. कामात सगळं सुरळीत असेपर्यंत त्याचं काही अडलं नाही.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मलकोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सगळे गेले. हे १९ जण एकाच बाटलीतले, नंबर ५३-एन. इतर बाटल्यांतल्या ८८ जणांना काही झालं नाही.

पंजाबची मागणी फार मोठी होती, म्हणून हाफकिन यांनी लस बनवताना कार्बोलिक वगळून नुसत्या उष्णतेवर भर दिला होता. ठरलेली पद्धत बदलली, हे त्यांच्याविरुद्धचं मोठं कलम झालं. मुंबईचे मुख्य न्यायमूर्ती लॉरेन्स जेन्किन्स यांच्या आयोगाने दूषितपणा परळमध्येच झाला असावा, असं म्हटलं. हाफकिन यांना बिनपगारी रजा मिळाली, १९०४ मध्ये त्यांनी भारत सोडला आणि त्यांची जागा आयएमएसच्या बॅनरमन यांच्याकडे गेली.

गावात काय घडलं होतं? बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो कार्बोलिकमध्ये जेमतेम बुडवला आणि त्यानेच बूच काढलं. शिवाय धनुर्वाताचे जंतू भरल्या दिवसापासून, म्हणजे सुमारे चाळीस दिवस, आत वाढत असते तर बाटलीला घाण वास सुटला असता. टोचणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. कागदावरच्या या गोष्टी एकमेकींशी जोडून पाहायला पाच वर्षं गेली, आणि आयोगाचा अहवाल छापून लोकांसमोर यायलाच १९०६ उजाडलं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या सरकारी रुग्णालयात एका दिवसात २४ मृत्यू झाले, तेव्हा मला हेच आठवत होतं. एका खासदारांनी येऊन प्रभारी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं. त्याचा व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. औषधं कोणत्या टेबलावर अडली, पदं कधीपासून रिकामी होती, हे दाखवणारा व्हिडिओ निघत नाही.

हाफकिन यांच्या बाजूने जोर लावला तो रोनाल्ड रॉस यांनी. मलेरियासाठी नोबेल मिळवलेले रॉस स्वतः आयएमएसमधून निवृत्त झालेले, तिथला कारभार आतून पाहिलेले. जुलै १९०७ मध्ये लंडनच्या 'टाइम्स'मध्ये त्यांच्यासह दहा शास्त्रज्ञांच्या सहीचं पत्र आलं, की आरोप सिद्ध झालेला नाही. हेच आधी हाफकिन स्वतः सांगत होते, पण आतल्या माणसाने सांगितल्यावर ते पटलं!

निर्दोष ठरूनही परळची खुर्ची परत मिळाली नाही. १९०७ च्या अखेरीस ते कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत रुजू झाले आणि काही वर्षांनी निवृत्त झाले. परळच्या संस्थेला त्यांचं नाव लागलं १९२५ मध्ये. तो प्रस्ताव मांडणारे तेव्हाचे संचालक, लेफ्टनंट कर्नल मॅकी, आयएमएसचेच होते.