काकणाचं कूळ

"प्लॅस्टिकची घालू, की माणसाची?"

कोथिंबीर गावठी हवी की संकरित, असं भाजीवाल्यानं विचारावं इतक्या सहज डोळ्यांच्या डॉक्टरांनी हा प्रश्न माझ्या भाच्याला विचारला. भाचा गप्प. मी मामा म्हणून सोबत गेलेलो, मीही गप्प. घरी आल्यावर मात्र मला झोप येईना. रिंग म्हणजे प्लॅस्टिकची, एवढं मला ठाऊक होतं. ही माणसाची रिंग मध्येच कुठून उपटली? शोध घेतला तेव्हा कळलं, की मध्येच उपटली आहे ती प्लॅस्टिकची.

आधी दुखणं सांगतो. भाचा लहानपणापासून डोळे चोळायचा. कॉलेजात गेल्यावर चष्म्याचा नंबर टिकेना, आणि रात्री समोरून येणाऱ्या गाडीच्या एका दिव्याचे तीन-चार दिवे दिसू लागले. निदान झालं केराटोकोनस. डोळ्याची पुढची पारदर्शक काच म्हणजे कॉर्निया, पुस्तकी मराठीत पारपटल. निरोगी माणसात तिची मधली जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. या आजारात ती आणखी पातळ होत जाते आणि आतल्या दाबानं शंकूसारखी पुढे येते. लिव्हरपूलच्या जॉन नॉटिंगहॅमनं १८५४ मध्ये या आजारावर अख्खं पुस्तक लिहिलं. पुढे चष्मा, मग काचेच्या आणि कडक कॉन्टॅक्ट लेन्स, आणि शेवटी दुसऱ्याचा कॉर्निया बसवणं, हे टप्पे सगळ्यांना माहीत आहेत.

रिंगचा टप्पा त्यामानानं अपरिचित. मुळात ती अंगठी नव्हेच. फुटलेल्या काकणाचा तुकडा म्हणा. असे एक किंवा दोन अर्धगोल तुकडे कॉर्नियाच्या जाडीत, कडेच्या बाजूला बोगदा करून सरकवतात. मधोमध काहीच घालायचं नाही. तरी मधला फुगवटा बसतो. का? गोधडीच्या दोन थरांमध्ये कडेनं जाड दोरी भरून पाहा. दोरीला वळसा घालण्यात कापड खर्च होतं आणि मधला सैलपणा ताणला जातो. कॉर्नियाचे तंतूही तसेच वळसा घेतात. आजार याने बरा होत नाही. तो थांबवायला रायबोफ्लेविनचे थेंब आणि अतिनील किरणांचा वेगळा उपचार करतात. रिंग फक्त आकार सुधारते, आणि चष्मा पुष्कळदा त्यानंतरही लागतोच.

आता कुळाकडे वळू. कुणालाही विचारा, विमानाची गोष्ट सांगतील. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या फुटलेल्या छताचे तुकडे घुसले. ते छत ॲक्रिलिकचं, पर्स्पेक्स नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकचं. हॅरल्ड रिडली या लंडनच्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की डोळा हे तुकडे निमूट सहन करतो. त्यावरून त्यांनी १९४९ च्या नोव्हेंबरात सेंट थॉमस हॉस्पिटलमध्ये मोतीबिंदूच्या रुग्णासाठी त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं भिंग वापरलं. आपल्या आजीआजोबांच्या डोळ्यांतली भिंगं या घराण्यातली. (जाता जाता: गोष्टीत विमान नेहमी स्पिटफायर असतं. ज्या गॉर्डन क्लीव्हरचं नाव यात घेतात, तो हरिकेन चालवत होता. पण स्पिटफायर हे नाव ऐकायला जास्त झोकदार, म्हणून तेच उडत राहिलं.)

रिंगही ॲक्रिलिकची, म्हणून तीही रिडलींचीच नात, असा सरळ हिशेब लोक मांडतात. मला तो पटत नाही. त्याच १९४९ साली, मूळचे बार्सिलोनाचे आणि पुढे कोलंबियातल्या बोगोटात स्थायिक झालेले होसे बाराकेर कॉर्नियाला हात घालत होते. चष्म्याचा नंबर कॉर्नियाचाच आकार बदलून घालवता येईल, हे त्यांचं वेड. त्यांनी काचेच्या आणि प्लॅस्टिकच्या चकत्या प्राण्यांच्या कॉर्नियात घालून पाहिल्या. त्या टिकल्या नाहीत. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात. पुढच्या थराला अन्न मिळतं ते मागच्या पाण्यातून झिरपून. मध्ये चकती आली की वाट बंद, आणि वरचा थर उपाशी मरतो. म्हणजे डोळ्याच्या पोटात जे प्लॅस्टिक सुखानं नांदलं, ते डोळ्याच्या कातडीत नांदलं नाही. रिडलींच्या शोधानं इथे काडीचं काम केलं नव्हतं. हवा होता तो आकार: मधोमध मोकळा, कडेला भरीव.

हा आकार मला सापडला एका सोव्हिएत शोधनिबंधात. लेखिका ई. डी. ब्लावात्स्काया. नाव शोधायला गेलो तर आधी भेटल्या मादाम ब्लावात्स्की, थिऑसॉफीवाल्या, ज्या १८७९ मध्ये मुंबईत येऊन राहिल्या आणि नंतर मद्रासजवळच्या अड्यारला गेल्या. या बाई त्या नव्हेत! या बाईंनी १९६० च्या दशकात सशांच्या कॉर्नियाच्या थरांमध्ये कडी बसवली. आणि ती कडी प्लॅस्टिकची नव्हती, दुसऱ्या कॉर्नियातून कापलेली होती. त्यातून त्यांनी दोन गोष्टी दाखवल्या: कडी जितकी जाड तितका मधला भाग सपाट, आणि कडीचा घेर जितका लहान तितका परिणाम मोठा. बाराकेर यांनीही याच सुमारास जाडीचा नियम मांडला: कडेला भर घाला किंवा मध्ये छाटा, कॉर्निया सपाटच होणार. आजचे डॉक्टर रिंगची जाडी निवडतात ती याच हिशेबानं.

प्लॅस्टिकवाले यावर म्हणतील, ठीक आहे, पण रुग्णाच्या डोळ्यात आधी कुठली गेली? प्लॅस्टिकची, हे कबूल. अमेरिकेत रेनॉल्ड्स यांनी १९७८ मध्ये पूर्ण कड्याची कल्पना मांडली. ब्राझीलमध्ये पाउलो फेरारा १९८६ पासून सशांवर ॲक्रिलिकची कडी वापरत होते. कॅलिफोर्नियाच्या केराव्हिजन कंपनीनं पूर्ण कड्याऐवजी दीडशे-दीडशे अंशांचे दोन तुकडे केले, कारण अख्खं कडं बोगद्यात सरकवणं जिकिरीचं होतं. रेनॉल्ड्स यांनी ब्लावात्स्काया वाचल्या असणार, असा माझा ठाम अंदाज आहे. तो निबंध १९६८ पर्यंत इंग्रजीत आला होता. नसतील वाचल्या तरी बिघडत नाही. मूल दत्तक गेलं तरी त्याची जन्मदाती बदलत नाही. प्लॅस्टिकनं कडं दत्तक घेतलं, एवढंच.

दत्तकघरीही त्याचे दिवस काही बरे गेले नाहीत. केराव्हिजनची इन्टॅक्स ही रिंग होती धडधाकट डोळ्यांचा थोडासा मायनस नंबर घालवायला. अमेरिकेनं त्यासाठीच तिला १९९९ मध्ये मंजुरी दिली. तोवर लेसर येऊन बसला होता. आपल्याकडे स्टोव्हपुढे चूल विझावी तशी रिंग त्याच्यापुढे विझली आणि २००१ मध्ये कंपनीचं दिवाळं वाजलं. पण फ्रान्समध्ये ब्रेस्तच्या जोसेफ कोलँ यांनी १९९७ मध्येच एक उफराटी गोष्ट केली होती. आधीच पातळ झालेल्या केराटोकोनसच्या कॉर्नियात त्यांनी ही रिंग घातली. जिथे लेसरनं छाटायला जाडीच शिल्लक नाही, तिथे भर घालणारी रिंग कामी आली. २००४ मध्ये अमेरिकेनं केराटोकोनससाठीही तिला परवानगी दिली. निरोगी लोकांनी नाकारलेली वस्तू आजाऱ्यांनी वाचवली.

तरी प्लॅस्टिकनं आपला स्वभाव सोडला नाही. वरचा थर पातळ असला तर कधी कधी तो झिजतो आणि रिंग उघडी पडते, मग काढावी लागते. काढता येते, हा तिचा मोठा गुण. पण काढावी लागते, हा दोषही. चेन्नईच्या डॉ. सूसन जेकब यांनी मग प्लॅस्टिकच टाकून दिलं. दान मिळालेल्या कॉर्नियाचे वरचे-खालचे थर खरवडून काढायचे, दोन पात्यांच्या गोल सुरीनं कडं कापायचं, त्याचे तुकडे बोगद्यात सरकवायचे. त्यांचा निबंध २०१८ चा. मागचं पेशींचं अस्तर निकामी झालेला कॉर्निया अख्खा बसवायला चालत नाही, पण त्याचं कडं चालतं; एका कॉर्नियातून एकाहून जास्त तुकडेही निघतात. हे तंत्र नवं म्हणून गाजतंय. माझ्या लेखी ते माहेरी परत आलंय, पन्नासेक वर्षं सासुरवास भोगून. आणि आलं कुठे, तर चेन्नईत, अड्यारच्या गावात. या योगायोगाला अर्थ नाही, हे मला कळतं. मादाम ब्लावात्स्कींना मात्र कळलं नसतं.

एवढं सगळं मी आठवडाभर घरात सगळ्यांना ऐकवलं. भाच्यानं माणसाची रिंग निवडली. माझ्यामुळे नव्हे, डॉक्टरांनी त्याच्या कॉर्नियाची जाडी बघून तोच सल्ला दिला. शस्त्रक्रियेनंतर माझी आई त्याच्या उशाशी बसली होती. नेत्रपेढी दात्याचं नाव सांगत नाही, हे तिला दोनदा सांगून झालं होतं. तरी तिनं विचारलंच, "पण कुणाचं रे ते? कुठल्या घरचं?"

डोळ्यावर प्लॅस्टिकची जाळीदार वाटी चिकटवलेला भाचा म्हणाला, "मामाच्या मते एका रशियन बाईचं, आजी."