चंद्राच्या कडेने मोजलेल्या दीर्घिका

१. नवी मुंबई अस्तित्वात येण्यापूर्वी, १९६५ मध्ये, शेजारच्या कल्याणला ३२ लहान तबकड्यांची रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या या तबकड्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील गोविंद स्वरूप यांच्या गटाने सूर्याच्या अभ्यासासाठी जोडल्या होत्या.

२. पाचच वर्षांत याच गटाने उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारली. आता प्रश्न विश्वाचा होता. दूरच्या दीर्घिकांकडून येणाऱ्या लहरी अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या असतात. त्या प्राचीन दीर्घिका आजच्यासारख्याच होत्या काय?

३. फ्रेड हॉइल यांच्या स्थिरस्थिती सिद्धांताचे उत्तर ‘होय’ असे होते. विश्वाचे सरासरी रूप कालांतराने बदलत नाही, असे तो मानी. त्याचे समर्थ पुरस्कर्ते, कोल्हापूरचे जयंत नारळीकर, १९७२ मध्ये याच संस्थेत रुजू झाले. वाद एकाच छताखाली आला.

४. मोजमापाला चंद्र कामी आला. चंद्रबिंब रेडिओ दीर्घिकेसमोरून सरकताना तिचा संकेत किती वेगाने मावळतो, यावरून तिचा आकार काढता येतो. बिंदुवत स्रोत झटकन लोपतो, पसरलेला सावकाश. अशी शेकडो पिधाने उटीत नोंदली गेली.

५. १९७५ मध्ये स्वरूप आणि विजय कपाही यांनी निष्कर्ष मांडले: प्राचीन रेडिओ दीर्घिकांचा विस्तार तुलनेने लहान होता. विश्व बदलत आले आहे, या मताला बळ मिळाले. मात्र हा विस्तार रेडिओ झोतांचा होता, ताऱ्यांचा नव्हे.

६. ताऱ्यांविषयीचे उत्तर पुढे मिळाले. सुमारे ११ अब्ज वर्षांपूर्वीच्या काही दीर्घिका वस्तुमानाने प्रचंड, पण आजच्या तेवढ्याच वजनदार दीर्घिकांहून कित्येक पट आटोपशीर आढळल्या. लहान दीर्घिका गिळत त्या फुगत गेल्या असाव्यात, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

७. नारळीकरांनी मतभेद सोडला नाही. १९९३ मध्ये हॉइल व बर्बिज यांच्यासह त्यांनी सिद्धांताची सुधारित आवृत्ती मांडली. तरीही पुण्यात त्यांची ‘आयुका’ आणि स्वरूप यांचे रेडिओ खगोलभौतिकी केंद्र एकाच विद्यापीठाच्या आवारात वाढले.

८. त्याच केंद्रातील राशी जैन व योगेश वाडदेकर यांनी २०२५ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांतून ‘अलकनंदा’ ही दीर्घिका प्रकाशात आणली. विश्व जेमतेम दीड अब्ज वर्षांचे असतानाच ती सुघटित सर्पिल झाली होती. दीर्घिका बदलतात हे आता निश्चित आहे. त्या इतक्या लवकर कशा घडल्या, हे शोधायचे आहे.