तमाशाची रात्र कुणी कापली?

पुण्यातली पोरं शनिवारी रात्री बॅन्ड ऐकायला जातात. मोठ्या कंपनीचा हात डोक्यावर नसलेले, स्वतःची गाणी स्वतः रचणारे, पदरचे पैसे घालून गावोगाव फिरणारे बॅन्ड. 'इंडी रॉक' म्हणतात त्याला. चांगलीच गोष्ट आहे. पण मंडळी, आपल्या जुन्नर-आंबेगावला हे काही नवीन नाही. आपल्याकडं त्याला 'फड' म्हणतात.

फडाचा हिशोब बघा. दसऱ्याला फड बाहेर पडतो, बुद्ध पौर्णिमेपर्यंत चालतो. मोठ्या फडात शंभरावर माणसं, ट्रक, स्टेज, कनात, जनरेटर. फडमालक व्याजानं पैसे काढतो, कलाकारांना उचल देतो आणि मग वाटेला लागतो. थोडे महिने तंबू ठोकून तिकिटावर, आणि चैत्र लागला की जत्रांच्या सुपाऱ्यांवर. त्या सुपाऱ्या ठरतात कुठं? नारायणगावात. पाडव्याच्या आसपास इथं राहुट्या लागतात, बाहेर फडांचे बोर्ड. गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, चहा होतो, घासाघीस होते, विसार दिला जातो. चैत्र पौर्णिमेसारख्या मोठ्या तिथीला भाव चढतो. पेपरात आम्ही दरवर्षी 'राहुट्या सजल्या' अशी बातमी देतो. इतक्या वर्षांत मीही ती कितीदा लिहिली असेल, मोजलं नाही.

नारायणगावच का? कारण या गावाचं नाव फडांनीच महाराष्ट्रभर नेलं. भाऊ-बापू मांग नारायणगावकर यांचा फड मोठा. त्यातल्या भाऊंची मुलगी विठाबाई. १९३५ चा जन्म. पोटुशी असताना बोर्डावर नाचल्या, कळा आल्यावर पडद्यामागं बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही हकिकत आपल्याकडं घराघरांत सांगतात. १९५७ आणि १९९० ला राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला. शेवटचे दिवस मात्र हलाखीत गेले. १५ जानेवारी २००२ ला बाई गेल्या. २००६ पासून सरकार त्यांच्या नावानं जीवनगौरव पुरस्कार देतं.

आणखी एक बघा. नारायणगावकर, अवसरीकर, शिरोलीकर, तिकडं सांगलीचे काळू-बाळू कवलापूरकर. कलाकार गावाचं नाव लावून फिरला. गावानं मात्र त्याला वेशीच्या आत किती घेतलं, हा प्रश्न वेगळा. फडातली बहुतेक माणसं मांग, महार, कोल्हाटी समाजाची. ब्राह्मण घरातले पठ्ठे बापूराव तमाशात गेले, तर त्यांच्याच लोकांनी त्यांना बाहेर काढलं. स्वातंत्र्य मिळाल्या मिळाल्या, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री असताना, अश्लील म्हणून तमाशावर बंदी आली. नंतर ती अटी घालून उठली. आधी कलम, मग परवानगी, हे तमाशाला तेव्हापासून माहीत आहे.

आता मुद्द्यावर येतो.

तमाशा हा रात्रीचा खेळ. आधी गण, मग गवळण, मावशीची गंमत, बतावणी, लावण्या, आणि मध्यरात्रीनंतर वग. वग म्हणजे पुरतं नाटक. राजा, डाकू, सावकार, गावातला अन्याय, सगळं त्यात. अण्णा भाऊ साठ्यांनी याच ताकदीवर लोकनाट्य उभं केलं आणि कामगारांचे प्रश्न बोर्डावर आणले. पूर्वी वग संपायला झुंजुमुंजू व्हायचं. लोक घोंगडी घेऊन बसायचे, सकाळी तसेच बैलगाड्याच्या घाटाकडं नाहीतर हगाम्याला.

२००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद. सण-उत्सवाला १२ पर्यंतची सवलत राज्य सरकार देऊ शकतं, तीही वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस. २००५ ला सुप्रीम कोर्टानं हे सगळं कडक केलं. नियम चुकीचा आहे असं मी म्हणत नाही. घरात आजारी म्हातारं माणूस असेल, पोरगं दहावीला असेल, त्याला विचारा डीजे काय असतो. पण परिणाम बघा. गावजेवण उरकून माणसं नऊला येणार, पाहुण्यांचे सत्कार साडेनऊपर्यंत चालणार. मग उरलेल्या वेळात बसतं काय? चार-पाच गाणी. कात्री पहिली वगावर चालते.

आणि मग आपणच म्हणतो, "तमाशात आता काय राहिलंय, नुसती सिनेमाची गाणी!" अहो, वगाला वेळ ठेवला कुठं आपण?

सगळा दोष कायद्यावर ढकलून चालणार नाही, हेही खरं. मोबाईल आला, ऑर्केस्ट्रा आला. पोरं फर्माईश करतात ती गाण्याचीच. बिबट्याच्या भीतीनं मध्यरात्री उसाच्या कडेनं चालत घरी जायचं म्हणजे जिवावरचं काम. त्यात २०२० चा पाडवा आठवा. २५ मार्च. त्याच दिवशी देशभर लॉकडाउन सुरू झालं. अख्खा चैत्र गेला. पुढच्या वर्षी १३ एप्रिलला पाडवा, आणि १४ ला राज्यात पुन्हा कडक निर्बंध. लागोपाठ दोन हंगाम बुडाले. उचल मात्र वाटून झालेली, व्याज चालूच.

आता एक तुलना करतो, राग मानू नका. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बैलगाडा शर्यती बंद केल्या. आपले तालुके पेटून उठले. मोर्चे निघाले, २०१७ ला विधिमंडळानं कायदा केला, सगळ्या पक्षांचे पुढारी एका सुरात बोलले. डिसेंबर २०२१ ला परवानगी मिळाली, मे २०२३ ला घटनापीठानं शिक्कामोर्तब केलं. घाटात भंडारा उधळला. मलाही आनंद झाला. पण तमाशाच्या रात्रीसाठी फडमालक निवेदनं देत फिरतात, तेव्हा त्यांच्यामागं गाव तसं उभं राहिलेलं मला दिसलं नाही. बैलगाडा आपला वाटतो. फड फक्त जत्रेपुरता आपला वाटतो.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. यात्रा कमिटीच्या हातात जे आहे ते तर करा. सत्कार बंद करा किंवा दुपारी उरका. खेळ संध्याकाळी सातला उभा करा. सवलतीचा दिवस असेल तर परवानगीचा अर्ज आठवडाभर आधी टाका. सुपारी ठरवताना "वग झालाच पाहिजे" हे बोलून घ्या. ठरलेली रक्कम त्याच रात्री पुरती द्या, सकाळी "गर्दी कमी होती" म्हणून कापू नका. कलाकार बायांना कपडे बदलायला आडोसा आणि पाणी द्या. पोरांनी स्टेजवर चढून धिंगाणा घातला तर त्यांना गावानंच खाली उतरवावं, फडाच्या माणसांवर ती वेळ आणू नये.

विठाबाईंच्या नावानं पुरस्कार सरकार देतं. तमाशाला रात्र द्यायची, ते आपल्या हातात आहे.

तुमच्या गावच्या जत्रेत शेवटचा पुरता वग कधी झाला होता? कोणता? कमेंटमध्ये गावाच्या नावासह लिहा. आणि यात्रा कमिटीत कुणी ओळखीचं असेल तर त्याला ही पोस्ट जरूर पाठवा.