तटाबाहेरची माणसं

बी.ए.ला इतिहास घेतला होता, तेव्हा ‘सिंहहृदयी’ रिचर्डची ओळख परीक्षेपुरती झाली. त्याआधी तो मला वडिलांच्या गोष्टींत भेटला होता, सलाहुद्दीनचा तोलामोलाचा शत्रू म्हणून. ११९२ मध्ये सलाहुद्दीनशी तह करून इंग्लंडचा हा राजा परत निघाला, वाटेत कैद झाला, खंडणी भरून सुटला. नॉर्मंडी हा आज फ्रान्समध्ये असलेला मुलूख तेव्हा त्याच्या ताब्यात होता. तो राखण्यासाठी त्याने सीन नदीकाठी, लेझांदली गावाच्या डोक्यावर एक किल्ला बांधला. नाव शातो गायार, म्हणजे रगेल किल्ला!

रगेलपणा पायाभरणीपासूनच होता. इथे तटबंदी करायची नाही, असा फ्रान्सचा राजा फिलिप याच्याशी ११९६ मध्येच करार झालेला. जागाही रुआँच्या आर्चबिशपची. त्याने तक्रार केली, धर्मबहिष्काराचं हत्यार उपसलं. रिचर्डने पुढे त्याची भरपाई केली, पण काम थांबवलं नाही. ११९८ पर्यंत, अवघ्या दोन वर्षांत किल्ला उभा! खर्च सुमारे १२ हजार पौंड. इंग्लंडमधल्या साऱ्या किल्ल्यांवर त्याने उभ्या कारकिर्दीत एवढा पैसा घातला नव्हता.

नदीपासून सुमारे नव्वद मीटर उंच खडक. त्यावर एकाआड एक तीन कोट, मध्ये खंदक. सर्वांत आतला तट सरळ नाही. अर्धगोल फुगवटे शेजारी शेजारी लावल्यासारखा तो लाटालाटांचा आहे. सपाट भिंतीवर धोंडा सरळ आदळतो, गोलाईवरून निसटतो. शिवाय आडोशाला कोपरा राहत नाही. रिचर्डने पूर्वेकडचे किल्ले पाहिले होते, त्याचा हा परिणाम असावा, असं अनेक अभ्यासक मानतात.

११९९ मध्ये रिचर्ड वारला, भाऊ जॉन गादीवर आला. १२०३ मध्ये फिलिपने वेढा घातला, तेव्हा गावातली हजारावर माणसं जीव मुठीत धरून किल्ल्यात शिरली. धान्य मोजकं. किल्लेदार रॉजर द लेसीने लढू न शकणाऱ्यांना बाहेर काढायला सुरुवात केली. पहिल्या दोन खेपांना फ्रेंच सैनिकांनी वाट दिली. मग फिलिपचा हुकूम आला, यापुढे कुणाला सोडू नका. पुढची खेप बाहेर पडली आणि अडकली. पुढे भाले, मागे दरवाजा बंद. त्यांच्याच माणसांनी बंद केलेला!

फ्रेंच इतिहासात या लोकांना ‘निरुपयोगी तोंडं’ म्हणतात. आपल्याकडे बुणगे हा शब्द आहे, तोही काही फार दयाळू नाही. बायका, मुलं, म्हातारे ऐन हिवाळ्यात किल्ल्याच्या उतारावर राहिले. गवत खाल्लं, किल्ल्यातून हाकललेली कुत्री खाल्ली. अखेर फिलिपला दया आली, त्याने अन्न दिलं, वाट दिली. पण उपाशी पोटी एकदम खाल्ल्याने कित्येक तिथेच मेले.

हे आपल्याला कसं कळलं? फिलिपच्या पदरी गियोम नावाचा धर्मगुरू होता. त्याने राजाच्या स्तुतीपर लॅटिन महाकाव्य रचलं. दरबारी कवींबद्दल माझं मत बरं नाही. पण या कवीने ती भूक गाळली नाही. स्वतःच्या राजाने वाट अडवली होती, तरीही. मी त्याच्या जागी असतो तर लिहिलं असतं का, हा प्रश्न मला सुटत नाही.

लाटांच्या तटाचं काय झालं? बाहेरचा बुरूज सुरुंगाने पाडला. मधल्या कोटात शत्रू शिरला तो कुणी म्हणतं शौचकूपातून, कुणी म्हणतं जॉनने बांधलेल्या प्रार्थनाघराच्या खिडकीतून. आतला तटही पायाखालून पोखरला गेला. ६ मार्च १२०४ रोजी उरलेल्या दीडशेएक जणांनी शस्त्रं ठेवली. जून महिन्यात रुआँ पडलं, नॉर्मंडी गेली.

१५९९ मध्ये चौथ्या हेन्रीने किल्ला पाडायचा हुकूम दिला. कापुचिन साधूंनी मठांसाठी दगड नेले. १८६२ मध्ये फ्रेंच सरकारने अवशेषांना संरक्षण दिलं. बालेकिल्ल्याचा बुरूज आणि लाटांचा तट बऱ्यापैकी शाबूत आहे. त्या उतारावर आता गवत आहे.