माइनक्राफ्टमध्ये हिरे नेमके किती खोलीवर सापडतात? ‘वाय ११’चा जुना सल्ला आता का चालत नाही?

‘हिरे हवेत? मग वाय ११ वर जा आणि खोदत राहा.’ माइनक्राफ्ट खेळणाऱ्या एका अख्ख्या पिढीला हा सल्ला तोंडपाठ आहे. बरीच वर्षं तो बरोबरही होता. पण ३० नोव्हेंबर २०२१ रोजी गेमचं १.१८ हे व्हर्जन आलं आणि हा आकडा एका दिवसात कालबाह्य झाला.

अडचण अशी की, त्याआधीचे व्हिडिओ आणि तक्ते इंटरनेटवर तसेच पडून आहेत. ते बघून आजही कुणीतरी रविवारची दुपार अकराव्या थरावर बोगदा खणण्यात घालवतं. हाती लागतं ते लोखंड, थोडं तांबं आणि फार तर एखादा चुकार हिरा.

नवा आकडा ‘उणे ५९’ आहे, हे एका ओळीत सांगता येईल. पण तो तसा का आहे, हे कळलं तर बाकीच्या खनिजांचे आकडे पाठ करावे लागत नाहीत.

‘वाय’ म्हणजे काय आणि तो दिसतो कुठे?

माइनक्राफ्टमध्ये तुम्ही कुठे उभे आहात हे तीन आकड्यांत सांगितलं जातं. एक्स आणि झेड हे आडव्या दिशांचे, तर वाय उंचीचा. स्क्रीनवर हे आकडे एक्स, वाय, झेड याच क्रमाने येतात, म्हणजे आपल्या कामाचा आकडा मधला. नवे खेळाडू अनेकदा शेवटचा आकडा बघत बसतात आणि ‘मी उणे ५९ वरच आहे’ म्हणत डोंगरावर उभे असतात.

कॉम्प्युटरवरच्या जावा एडिशनमध्ये एफ३ दाबलं की हे आकडे दिसतात. काही लॅपटॉपवर सोबत एफएन दाबावं लागतं. मोबाइल आणि कन्सोलवर जी बेडरॉक एडिशन चालते, तिथे जगाच्या सेटिंगमध्ये ‘शो कोऑर्डिनेट्स’ सुरू करायचं. वायचा आकडा तुमच्या पावलांचा असतो, डोळ्यांचा नाही, एवढं लक्षात ठेवा. समुद्राची पातळी साधारण ६३ च्या आसपास असते.

२०२१ मध्ये असं काय बदललं?

आधी जगाचा तळ शून्यावर होता. हिरे १६ च्या खाली मिळायचे आणि तळाजवळच्या थरांमध्ये त्यांचं प्रमाण बऱ्यापैकी सारखं असायचं. मग नेमका ११ च का? कारण १० आणि त्याखालच्या गुहा लाव्हाने भरलेल्या असत. ११ वर चाललात, तर हिऱ्यांचा पट्टा आजूबाजूला आणि लाव्हा पावलांखाली. म्हणजे तो आकडा जेवढा हिऱ्यांमुळे होता, तेवढाच लाव्हामुळे.

१.१८ मध्ये, म्हणजे ‘केव्ह्ज अँड क्लिफ्स’ अपडेटच्या दुसऱ्या भागात, जमीन खाली उणे ६४ पर्यंत आणि आकाश वर ३१९ पर्यंत वाढवलं गेलं. २५६ थरांचं जग ३८४ थरांचं झालं. गुहा अवाढव्य झाल्या. शून्याच्या खाली साध्या दगडाऐवजी डीपस्लेट नावाचा काळपट, जास्त टणक दगड आला. आणि खनिजांची वाटणी जवळपास नव्याने झाली.

नव्या वाटणीत बहुतेक खनिजांना स्वतःचा असा एक चढ-उतार आहे. एका उंचीवर प्रमाण सर्वाधिक, तिथून वर आणि खाली जावं तसं कमी. कागदावर काढलं तर त्रिकोण दिसेल. काही खनिजांना याशिवाय सगळीकडे सारखी पसरलेली एक वेगळी खेपही मिळते.

मग हिऱ्यांसाठी उणे ५९ च का?

हिऱ्यांचा त्रिकोण अर्धाच आहे. १६ वर त्यांचं प्रमाण शून्य असतं आणि तिथून तळापर्यंत, म्हणजे उणे ६४ पर्यंत, ते सरळ रेषेत वाढत जातं. म्हणजे जितकं खाली, तितकं चांगलं. पण सगळ्यात खालच्या पाच थरांत, उणे ६० ते उणे ६४, बेडरॉक विखुरलेला असतो आणि तो कोणत्याच हत्याराने फुटत नाही. बेडरॉक लागायच्या आधीचा शेवटचा मोकळा थर उणे ५९. त्या आकड्यात गूढ असं काही नाही.

आता जुन्या सल्ल्याचा हिशोब करून बघा. १६ ते उणे ६४ हे ८० थरांचं अंतर. ११ वर तुम्ही त्यातले फक्त ५ थर उतरलेले असता, उणे ५९ वर ७५. या साध्या गुणोत्तराने दोन्हींत १५ पटींचा फरक पडतो. २०२३ मध्ये आलेल्या १.२०.२ व्हर्जनने डीपस्लेटच्या भागातले हिरे आणखी वाढवले, त्यामुळे दरी रुंदच झाली.

फक्त इथेही लाव्हा आहेच. उणे ५४ च्या खाली गेलेल्या गुहा लाव्हाने भरलेल्या असतात. उणे ५९ वर बोगदा खणताना एक ठोकळा फोडावा आणि समोरून लाव्हा यावा, हे वारंवार घडतं. म्हणून अनेक जण उणे ५३ वर थांबतात. वरच्याच हिशोबाने तिथे ६९ थर उतरून झालेले असतात, म्हणजे हिरे साधारण आठ टक्क्यांनी कमी. अंगावर चांगलं चिलखत नसेल आणि जवळ पाण्याची बादली नसेल, तर हा सौदा मला तरी उणे ५३ च्या बाजूने वाटतो. मेल्यावर आधी जमवलेले हिरेही लाव्हात जळून जातात आणि ते परत मिळत नाहीत.

उतरताना सरळ पायाखाली खोदू नका, हा जुना नियम मात्र अजून शंभर टक्के लागू आहे. जिना करत उतरायचं. समुद्रपातळीपासून उणे ५९ पर्यंत १२२ पायऱ्या होतात.

गुहेत शोधावं की बोगदा खणावा?

१.१८ नंतर हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहिलेला नाही. गुहा मोठ्या झाल्या, भिंती जास्त दिसू लागल्या, म्हणजे हिरेही जास्त दिसायला हवेत. पण नियम असा आहे की, जे हिरे हवेला टेकून तयार होणार असतात, त्यातले बरेच गेम आधीच काढून टाकतो. त्यामुळे भिंतीत दिसणाऱ्या हिऱ्यांपेक्षा दगडाच्या पोटातले जास्त असतात.

यात एक गंमत आहे. नियमात हवा आहे, पाणी नाही. त्यामुळे पाण्याने भरलेल्या खोल गुहांच्या भिंतींमध्ये हिरे कोरड्या गुहांपेक्षा जास्त दिसतात. नाइट व्हिजन आणि श्वासाची सोय करून अशा गुहेत उतरणं हा सध्याचा एक हुशार मार्ग आहे. फार कमी लोक तो वापरतात.

बोगद्याची पद्धत जुनीच. दोन ठोकळे उंच मुख्य बोगदा काढायचा आणि त्याला दोन्ही बाजूंनी फाटे फोडायचे. दोन फाट्यांमध्ये दोन ठोकळे सोडले, तर मधला एकही ठोकळा नजरेतून सुटत नाही. तीन किंवा जास्त सोडले, तर काही हिरे हुकतात, पण तेवढ्याच खोदकामात जास्त जागा पालथी घातली जाते. जग जवळपास अमर्याद आहे आणि पिकॅक्स झिजतं, म्हणून थोडं अंतर सोडलेलं बरं.

एक सावधगिरी. खोलवर डीप डार्क नावाचा काळा-निळा प्रदेश लागू शकतो. तिथे आवाज केला की वॉर्डन येतो. २०२२ च्या १.१९ व्हर्जनपासून तो गेममध्ये आहे आणि हिऱ्याचं चिलखतही त्याच्यापुढे फार टिकत नाही. तो प्रदेश दिसला की बोगदा दुसरीकडे वळवा.

लोखंड, सोनं आणि बाकीची खनिजं?

खेळाच्या सुरुवातीला खरी गरज लोखंडाची असते आणि त्यासाठी तळ गाठायची गरज नाही. लोखंडाचं प्रमाण १६ च्या आसपास शिगेला पोहोचतं. तिथे दगडही साधाच असतो. डीपस्लेटचा टणकपणा साध्या दगडाच्या दुप्पट, म्हणजे खाली गेलात तर वेळ जास्त जातो. उंच डोंगरांत लोखंडाचा दुसरा, मोठा शिखरबिंदू २३२ वर आहे. बर्फाळ सुळके जवळ असतील, तर खाली जाण्यापेक्षा वर चढा. तिथे कोळसाही भरपूर मिळतो आणि पाचूही. पाचू फक्त डोंगराळ प्रदेशातच तयार होतो. तो एकेकटा सापडतो, पण जितकं उंच जाल तितका जास्त.

कोळशासाठी मुद्दाम खोदायला जावं लागत नाही. ९६ च्या आसपास किंवा १३६ च्या वर कुठेही तो दिसतोच. तांब्याचा आकडा ४८, लॅपिसचा शून्य, सोन्याचा उणे १६. सोन्याला एक मोठा अपवाद आहे. बॅडलँड्स या तांबूस मातीच्या प्रदेशात ते ३२ च्या वर, अगदी पृष्ठभागाजवळही, भरपूर असतं. रेडस्टोन हिऱ्यांसारखाच तळाकडे वाढत जातो, म्हणून हिरे शोधताना पोती भरून मिळतो.

खाली जाताना लोखंडाचं पिकॅक्स बरोबर हवंच. दगडाच्या पिकॅक्सने हिरा फोडला, तर ठोकळा नाहीसा होतो आणि हातात काहीच येत नाही. सोनं, रेडस्टोन आणि पाचूचंही तसंच.

सापडलेला हिरा लगेच फोडावा का?

शक्य असेल तर थांबा. साध्या पिकॅक्सने एका ठोकळ्यातून एकच हिरा मिळतो. फॉर्च्यून ३ हा मंत्र चढवलेल्या पिकॅक्सने सरासरी २.२ मिळतात. पूर्ण चिलखताला २४ हिरे लागतात. म्हणजे साध्या पिकॅक्सने २४ ठोकळे शोधावे लागतील, फॉर्च्यून ३ ने साधारण ११. पिकॅक्स आणि मंत्राचं टेबल यांच्यासाठी पाच हिरे आधी काढा. बाकीचे सापडतील तिथे आकडे लिहून ठेवा आणि नंतर परत या.

जुन्या जगात खेळत असाल तर?

२०२१ च्या आधी सुरू केलेलं जग नव्या व्हर्जनमध्ये उघडलं, तर आधी फिरून झालेल्या भागांत शून्याच्या वरची खनिजं जुन्याच वाटणीप्रमाणे राहतात. त्याखाली नवा तळ जोडला जातो. म्हणजे अशा भागात ११ व्या थरावर हिरे खरंच मिळू शकतात. कुणी ‘माझ्याकडे तर मिळाले’ म्हणत असेल, तर तो खोटं बोलत असेलच असं नाही.

आणि नेदरमध्ये?

हिऱ्यांच्या पुढची पायरी नेदराइटची. त्यासाठी लागणारं एन्शंट डेब्री नेदरमध्ये १५ च्या आसपास सर्वाधिक असतं, आणि ते कधीच हवेला टेकून तयार होत नाही. ते फोडायला हिऱ्याचं पिकॅक्स लागतं. स्फोटाने मात्र त्याला काही होत नाही. म्हणून खेळाडू बोगद्यात पलंग ठेवून त्यावर झोपायचा प्रयत्न करतात. नेदरमध्ये पलंगाचा स्फोट होतो, आजूबाजूचा दगड उडतो आणि डेब्री जागेवर राहतं. पलंग आणि तुमच्यामध्ये एक ठोकळा ठेवायला विसरू नका. नेदरमधला लाव्हाचा समुद्र ३१ वर असतो, म्हणजे १५ वर तुम्ही त्याच्या पातळीखाली असता. पाण्याची बादली तिथे ओतताच वाफ होऊन जाते, त्यामुळे फायर रेझिस्टन्सचं औषध सोबत ठेवा.